कोकणातल्या वेढ्यांत आतली आणि बाहेरची माणसे कशी तगली

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : कोकण किनाऱ्यावरच्या एखाद्या किल्ल्याला किंवा तटबंदीच्या शहराला महिनोन्‌महिने वेढा पडला असताना आतले शिपाई आणि सामान्य लोक काय खात होते, पाणी कोठून आणत होते, आणि शरण जाण्याचा निर्णय शेवटी कशावर ठरत होता? पुस्तकांत लढाया सापडतात, पण हे जगणे सापडत नाही, अशी प्रश्नकर्त्याची तक्रार आहे आणि ती रास्त आहे.

मी स्थापत्य अभियंता असून किनाऱ्यावरच्या किल्ल्यांतील टाकी, विहिरी, तळी आणि अंबारखाने यांची मोजणी हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. त्या मोजणीला कागदपत्रांची जोड द्यावी लागते, म्हणून जुने कागदही वाचत आलो आहे. या कामातून माझे जे मत बनले आहे, ते आधीच सांगतो. कोकणातला वेढा बहुतेक वेळा तटाच्या उंचीवर ठरला नाही. समुद्राची वाट उघडी आहे की बंद, कोठाराचा हिशेब कोणी किती काटेकोरपणे सांभाळला आणि पावसाळा किती दूर आहे, या तीन गोष्टींवर तो ठरला. शौर्य दोन्ही बाजूंना होतेच. परंतु उपाशी माणसाच्या शौर्याला मुदत असते आणि ती मुदत मोजता येते.

पाण्यापासून सुरुवात करू. उन्हाळ्यात पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी पाच लिटर पाणी ही अगदी खालची मर्यादा आहे. अंघोळ आणि धुणे यात धरलेले नाही. हजार माणसांना शंभर दिवस काढायचे असतील, तर पाच लाख लिटर पाणी लागते, म्हणजे दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि पाच मीटर खोल असे काठोकाठ भरलेले एक टाके. घोडे आत असतील तर हा हिशेब पार कोलमडतो, कारण उन्हात एका घोड्याला तीस-चाळीस लिटर पाणी सहज लागते. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत उघड्या तळ्यातले पाणी रोज पाच-सहा मिलिमीटर उडून जाते, म्हणजे शंभर दिवसांत अर्ध्या मीटरहून जास्त. खोल टाक्याला हा तोटा जाणवत नाही, पण पसरट आणि उथळ तळ्याचा तेवढ्यात तळ दिसू लागतो. जंजिऱ्याच्या बेटावर, चोहोबाजूंनी खारे पाणी असताना, गोड्या पाण्याची दोन मोठी बांधीव तळी आहेत. त्या किल्ल्याच्या अजिंक्यपणाबद्दल बोलताना लोक तोफांची नावे घेतात. मी ती दोन तळी आधी दाखवतो.

हे गणित तेव्हाच्या जाणत्या माणसांना पुरते ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे राज्यकारभारावरच्या त्यांच्या ग्रंथात, गड बांधण्याआधी पाणी पाहावे, असे सांगून झाल्यावर एक बारीक गोष्ट सांगितली आहे, जी प्रत्यक्ष वेढा सोसलेल्या माणसालाच सुचेल. गडावर झरा आहे आणि पाणी जेमतेम पुरते, एवढ्यावर निश्चिंत राहू नये. कारण झुंजात तोफांच्या आवाजाखाली झरे स्वल्प होतात आणि पाण्याचा खर्च मात्र वाढतो. म्हणून जखिऱ्याचे पाणी म्हणून दोन-चार टाकी वेगळी राखावीत आणि त्यातले पाणी एरवी खर्च होऊ देऊ नये. तोफांच्या हादऱ्याने कातळातल्या भेगा सरकतात की नाही, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. पण खर्च वाढतो, हे मात्र निर्विवाद आहे. दिवसभर उन्हात तटावर उभा असलेला माणूस दुप्पट पाणी पितो, जखमा धुवाव्या लागतात, आगी विझवाव्या लागतात आणि तापलेल्या तोफेच्या नळीतून ओला बोळा फिरवावा लागतो.

अन्नाच्या बाबतीत कोकणाचा मुख्य आधार भात. येथे एक फरक लक्षात घ्यावा : साठवण भाताची होते, तांदळाची नव्हे. टरफलासकट असलेला दाणा दमट हवेत टिकतो. कांडलेल्या तांदळात पोरकिडे आणि जाळी लवकर होतात. माणशी सहाशे ग्रॅम तांदूळ धरला, तर हजार माणसांना शंभर दिवसांसाठी साठ टन तांदूळ लागतो आणि तेवढ्यासाठी सुमारे नव्वद टन भात कोठारात असावे लागते. आता हे भात रोज कांडायला हवे. दिवसाला सहाशे किलो तांदूळ उखळातून निघायचा, म्हणजे पहाटेपासून कित्येक मुसळे एकसारखी चालू राहायला हवीत, आणि हे काम जवळजवळ सर्वत्र बायकांचे होते. वेढ्याच्या वर्णनांत बायका फक्त रडताना किंवा पळताना दिसतात. प्रत्यक्षात शिपायाच्या पानात पडणारा भात आदल्या दिवशी कोणी तरी कांडून, पाखडून, कण्या वेगळ्या काढून दिलेला असे. ते कांडप एक दिवस थांबले असते, तर तटावरचे पहारे दुसऱ्या दिवशी उपाशी उभे राहिले असते. कोंडा जनावरांना जाई, कण्यांची पेज आजाऱ्यांना. सोबतीला नाचणी आणि वरी, सुके बोंबील, मीठ, चिंच, सोले. ताजी भाजी आणि ताजी मासळी वेढा आवळत गेला की आधी संपे, आणि मग हिरड्या सुजणे, अंगावर सूज येणे, जखमा न भरणे ही लक्षणे सुरू होत. परसात लावलेल्या चार आळ्यांचे मोल अशा वेळी कळते. गडावरचा केर खाली न टाकता जागच्या जागी जाळावा आणि ती राख परसात घालून घरोघर भाजीपाला करावा, असेही आज्ञापत्र सांगते. स्वच्छता आणि भाजी ही दोन कामे त्यांनी एकाच हुकमात साधली, याचे मला आजही कौतुक वाटते.

सरपणाचा प्रश्न मात्र जवळजवळ कोणीच विचारत नाही. दोन वेळच्या स्वयंपाकाला माणशी किलोभर लाकूड धरले, तरी हजार माणसांना शंभर दिवसांत शंभर टन सरपण लागते. हे वजन धान्यापेक्षा जास्त आहे आणि ते साठवायला जागाही कितीतरी जास्त लागते. भात असून ते शिजवता येत नाही, अशी अवस्था वेढ्यात येऊ शकते. तेव्हा आधी कुंपणे जातात, मग मांडव आणि गोठे, मग रिकाम्या घरांची वासे-आढी, आणि शेवटी राहत्या घरांची दारे. गडावर आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ, उपयोगी-निरुपयोगी जे झाड होईल ते लावावे, प्रसंगी त्याचे लाकूड तरी कामास येईल, हे अमात्यांचे वाक्य याच अनुभवातून आले आहे. किल्ल्यावर जुनी झाडे दिसली की आपण सावलीला बसतो. ती शत्रू दाराशी आल्यावर वापरायची ठेव होती.

रसद वेळेवर पोहोचणे हा कोणाच्या मर्जीचा विषय नव्हता. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याच्या समोर कांसा बेटावर पद्मदुर्ग उभा केला, म्हणजे राजपुरीच्या (जंजिऱ्याच्या) उरावर दुसरी राजपुरी केली, तेव्हा तिथल्या आरमाराला आणि लोकांना ऐवज व गल्ला, म्हणजे पैसा व धान्य, पोहोचवण्याचा हुकूम प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला होता. ती रसद पोहोचली नाही. १६७५ च्या जानेवारीत महाराजांनी त्याला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्यात ब्राह्मण म्हणून कोणी मुलाहिजा करणार नाही, अशी सरळ तंबी आहे आणि जंजिऱ्याच्या सिद्दीशी आतून मिळाल्याचा संशय उघडपणे बोलून दाखवला आहे. पत्राचा हा कडकपणा राग म्हणून वाचला जातो. माझ्या मते तो हिशेब आहे. खडकावर बसलेल्या माणसांना तीन आठवडे धान्य गेले नाही, तर जे घडते ते एखादी तोफ फुटल्याने घडत नाही.

समुद्राची वाट उघडी असली की काय होते, याचा नमुना चौल-रेवदंड्याचा आहे. डिसेंबर १५७० पासून जुलै १५७१ पर्यंत अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या प्रचंड फौजेने पोर्तुगिजांचे चौल घेरले होते. गावाला तेव्हा पुरती तटबंदीही नव्हती. घरे आणि मठ यांचेच मोर्चे, म्हणजे लढायचे आडोसे, करून लोक लढले आणि बाहेरच्या बाजूची घरे एकेक करून पडत गेली. एवढी विषम बाजू असूनही शहर तगले, कारण जमिनीवरून कितीही आवळले तरी पाण्याकडून माणसे, दारूगोळा आणि धान्य येत राहिले. गोव्यालाही त्याच काळात आदिलशाही वेढा होता, तरी गोव्याहून मदत येत होती. शेवटी जुलैमध्ये, भर पावसात, तह झाला.

आता वसई. हा वेढा मी सर्वांत जास्त अभ्यासला आहे आणि प्रश्नाचे खरे उत्तर तिथेच सापडते. १५३४ पासून ती पोर्तुगिजांकडे होती आणि त्यांच्या उत्तर प्रांताचे ते मुख्य ठाणे होते. भक्कम तटबुरुजांच्या आत मठ, चर्च, हवेल्या, रुग्णसेवेची व्यवस्था असे पुरे शहर होते. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे शहर आणि साष्टी बेट घेतले, पण वसईवरचे त्या वर्षीचे हल्ले फसले. चिमाजी आप्पांनी त्यावरून जो धडा घेतला, तो माझ्या मते या मोहिमेतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय आहे. १७३९ मध्ये त्यांनी आधी माहीम-केळवे आणि तारापूर घेतले, मग वेसावे आणि वसईच्या खाडीपलीकडचे धारावीचे ठाणे (मुंबईतली धारावी नव्हे). तारापुरावर बाजी भिवराव रेठरेकर पडले. ही किंमत मोजूनही किनाऱ्यावरची एकेक जागा बंद करत नेली आणि फेब्रुवारीत वसईभोवती फास बसला. मानाजी आंग्र्यांचे आरमार समुद्राकडून होते. चौलला जे घडले, ते वसईला घडू द्यायचे नव्हते.

वसईत पाणी कमी पडले असेल, असे पुष्कळ जण गृहीत धरतात. मला तसे वाटत नाही. वसईच्या वाळवट जमिनीत गोडे पाणी उथळावरच लागते. याच गुणावर तिथली बावखले (पाण्याची लहान तळी) आणि बागायत उभी राहिली, आणि किल्ल्यातही विहिरी आहेत. तिथे संपत गेले ते पैसे, दारूगोळा आणि माणसे. शिपायांचे पगार आणि खर्च भागवण्यासाठी पोर्तुगिजांनी मुंबईकर इंग्रजांकडून पंधरा हजार रुपये कर्ज काढले आणि तारण म्हणून चर्चमधली चांदी आणि काही पितळी तोफा दिल्या. या एका व्यवहारातून शहराची अवस्था जितकी कळते, तितकी कोणत्याही युद्धवर्णनातून कळत नाही. ज्या तोफांनी तट राखायचा, त्याच गहाण पडल्या. ज्या चांदीच्या पात्रांसमोर लोक सकाळ-संध्याकाळ गुडघे टेकत, ती पोत्यांत भरून होडीत गेली. तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना त्या दिवशी काय वाटले असेल, ते कोणी लिहून ठेवलेले नाही, पण शहर हातचे चालल्याची खूण त्यांना तिथेच पटली असणार.

आत सगळे सारखे भुकेले नसतात, हेही स्पष्ट सांगायला हवे. वेढा पडण्याआधी आसपासच्या गावांतली माणसे जीव मुठीत धरून तटाच्या आत येतात आणि तोंडे एकाएकी वाढतात. वाटणीत आधी तोफखाना आणि पहारे, मग अंमलदार आणि त्यांची घरे, मग धर्मगुरू आणि कारागीर, आणि शेवटी चाकर, गुलाम आणि बाहेरून आलेले. आजारही याच क्रमाने उलटा चालतो. हगवण आणि ताप सर्वांत आधी दाटीच्या वस्तीत शिरतात. गडावर झाडपाल्याचे वैद्य, शस्त्रवैद्य आणि जखमा बांधणारे कायम असावेत, असे आज्ञापत्रात सांगितले आहे. पण त्यांचे हात लढाईतल्या जखमींनाच पुरत नसत, मग हगवणीने झिजणाऱ्या पोराकडे कोण पाहणार? सिद्दी याकूतखानाने १६८९-९० मध्ये मुंबईला वेढा घातला आणि जूनमध्ये तो निघून गेला, त्यानंतर मुंबईत रोगराईने जी माणसे गेली ती वेढ्याचीच म्हणून मोजली पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

बाहेरच्या सैन्याचे हाल आतल्यांपेक्षा कमी नव्हते. वसईच्या उत्तरेकडे, जिथे जमीन आहे, तिथून मराठ्यांनी मोर्चे पुढे सरकवले आणि बुरुजांखाली सुरुंग खणले. ज्या जमिनीत थोडे खणले की पाणी लागते, तिथे सुरुंग नेणे म्हणजे चिखलात वाकून, लाकडाचे टेके देत, वर गोळे आणि हुक्के (दारूचे हातगोळे) पडत असताना पुढे सरकणे. बेलदारांच्या कित्येक पाळ्या यात गेल्या असतील. दारू ओली होण्याची धास्ती वेगळीच. कोकणच्या हवेत दारू आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून उन्हात तापवावी लागते, आणि हे काम मोर्चात बसून करायचे तर एक ठिणगी पुरेशी होती. ग्रँट डफ या इतिहासकाराने दिलेल्या आकड्यांनुसार पोर्तुगिजांची हानी आठशेची, तर मराठ्यांची पाच हजारांहून अधिक होती. जिंकणाऱ्या बाजूला सहापट माणसे गमवावी लागली, ही गोष्ट विजयाच्या वर्णनात एका ओळीत उरकली जाते, याचे मला वाईट वाटते. त्या पाच हजारांतले पुष्कळ जण मावळातले आणि देशावरचे असणार; खाऱ्या हवेची, खाडीच्या डासांची त्यांना सवय नसणार.

आणि तिसरा गट, ज्याची नोंद सर्वांत कमी आहे, तो म्हणजे तटाबाहेरच्या गावांतले कुणबी, कोळी, वाडवळ, आगरी. फेब्रुवारी ते मे हे कोकणात भाताच्या राबाचे दिवस. पालापाचोळा, शेण आणि गवत पसरून राब भाजायचा, जमीन तयार ठेवायची आणि मृगात रोपे टाकायची. याच दिवसांत फौज आली की बैल रसदीच्या वाहतुकीला जुंपले जातात, गवत चंदीला जाते, कवळ, म्हणजे राबासाठीच्या डहाळ्या, तोडायला रानात जाण्याची सोय उरत नाही आणि धडधाकट माणूस मोर्चे खणायला वेठीस धरला जातो. मग राब भाजला जात नाही आणि त्या घराला भूक लढाई संपल्यावर आठ महिन्यांनी लागते. पोर्तुगीज अमलाच्या धार्मिक जाचाला कंटाळून मराठ्यांना बोलावणारे गंगाजी नाईक अणजूरकरांसारखे लोक याच मुलखातले होते, हे खरे. पण बोलावणाऱ्या मुलखालाही फौजेचा भार चुकला नाही.

शरणागतीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. मे महिन्याच्या मध्याला सुरुंग उडाले, सॅन सबॅस्टियनच्या बुरुजाकडे खिंडार पडले आणि दोन दिवस तिथे हातघाईची लढाई झाली. सेनापती मार्तिन्यु दा सिल्व्हैरा वेढ्यात आधीच मारला गेला होता. त्याच्या जागी आलेल्या कायतानु दि सौझा परैराने १६ मे १७३९ रोजी तहावर सही केली. (इंग्रजी कागदांत हीच तारीख अकरा दिवस मागे दिसते, कारण ते तेव्हा जुने पंचांग वापरत.) ही तारीख दोन्ही बाजूंच्या दृष्टीने पाहावी. आतल्यांना माहीत होते की पावसाळा सुरू झाला की गोव्याहून गलबत येण्याची आशा नारळी पौर्णिमेपर्यंत संपली. बाहेरच्यांना माहीत होते की तीन आठवड्यांत पाऊस लागेल, खणलेले मोर्चे बुडतील, आरमार किनाऱ्यावर ओढावे लागेल आणि वर्षभराची मेहनत वाया जाईल. दोघांच्याही हातात दिवस कमी होते, म्हणून अटी उदार निघाल्या. शिबंदीने शस्त्रांसह, वाजतगाजत बाहेर पडावे, ज्यांना जायचे त्यांनी जंगम मालमत्ता घेऊन जावे, राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी आणि तीन चर्च चालू राहावीत, असे ठरले. आठ दिवसांची मुदत मिळाली आणि २३ मे रोजी वसई रिकामी झाली. त्या खिंडारात इतकी माणसे पडल्यानंतरही कत्तल झाली नाही, हे चिमाजी आप्पांच्या शिस्तीचे मोठेपण मी मानतो.

निघालेल्यांना मात्र पावसाळ्याने गाठलेच. ते मुंबईत अडकून पडले. समुद्र बंद, जवळ पैसा नाही, आणि उदरनिर्वाह इंग्रजांच्या उधारीवर. पाऊस ओसरल्यावर त्यांतली शिबंदी इंग्रजांच्या बोटींतून चौलला गेली आणि तिथून पायवाटेने गोव्याकडे निघाली. गोवा अगदी जवळ आला असताना सावंतवाडीच्या सावंतांच्या फौजेने त्यांच्यावर छापा घातला आणि वसईच्या तटावरून जिवंत परतलेल्यांपैकी कित्येक जण त्या रस्त्यावर मारले गेले.